वेल्डिंग मशीन घेताय? आधी डोळ्यांचा आणि फुप्फुसांचा हिशेब मांडा

रात्रीचे दीड वाजले असतील. गल्लीतल्या एका ताईंनी दार वाजवले. सोबत त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल धरलेला. "मावशी, डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होतंय. उघडताच येईनात." आईने घरी बटाट्याच्या चकत्या ठेवून पाहिल्या होत्या. शेजारणीने दुधाचे थेंब टाकायला सांगितले होते, ते मात्र त्यांनी केले नव्हते.

"दिवसभर कुठं होतास?" मी विचारले.

"फॅब्रिकेशनच्या दुकानात शिकायला जातो. आज वेल्डिंग चालू असताना ग्रिल धरून उभा होतो. मालकानं काळा गॉगल दिला होता की."

दवाखान्यात नर्स म्हणून काम करताना मी असे डोळे किती पाहिले, याची मोजदाद नाही. वेल्डिंगच्या उजेडात अतिनील किरण असतात. ते बुबुळाचा वरचा पातळ पडदा भाजून काढतात. त्या वेळी काहीच दुखत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमके मध्यरात्री, डोळे पेटतात. उन्हाचा काळा गॉगल हे किरण अडवण्यासाठी बनवलेला नसतो. शिवाय त्याच्या बाजूने उजेड आत शिरतोच.

स्वच्छ गार पाण्याच्या पट्ट्या, अंधारी खोली, पॅरासिटामॉलची एक गोळी आणि सकाळी सरकारी दवाखान्याचा डोळ्यांचा विभाग. दोन दिवसांत मुलगा बरा झाला. पण जाताना त्याची आई जे बोलली, त्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. "सिस्टर, पुढच्या आठवड्यात बचत गटातून वीस हजार मिळणार आहेत. त्यात ह्याला स्वतःचं मशीन घेऊन द्यायचंय. घरापुढंच काम करेल."

वीस हजार रुपये. ते फेडायचे आईच्या धुण्याभांड्याच्या पगारातून. मुलाने कागदावर यादीही केली होती: मोठे वेल्डिंग मशीन, पाइप कापायची मोठी कटिंग मशीन, जुन्या बाजारातला ग्राइंडर. यादीत चष्मा नव्हता, हातमोजे नव्हते, अर्थिंग नव्हते. आम्ही तिघे विहाराच्या पायरीवर बसलो आणि ती यादी नव्याने लिहिली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

हुनर आपल्या हाती यावे, पण देह शाबूत ठेवून

आपल्या पोरांनी ही कामे शिकावीत, असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो, असे कारण सांगत. चांगली मजुरी मात्र त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हाही कामगाराचे तास आणि कामगाराची प्रकृती हा त्यांच्या कामाचा भाग होता. कसब आणि आरोग्य या दोन्ही गोष्टी आपल्या हक्काच्या आहेत. एक मिळवण्यासाठी दुसरी विकायची नाही. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याला इजा न करता जगणे, तसेच स्वतःला इजा न करता जगणेही.

आधी काम ठरवा, मग मशीन

घरापुढे काम करणाऱ्याकडे कोणते काम येते? खिडकीची ग्रिल, दरवाजाची जाळी, पाण्याच्या टाकीचा स्टँड, तुटलेली खुर्ची, हातगाडीची दुरुस्ती. म्हणजे बहुतेक पातळ चौकोनी पाइप, पट्टी आणि अँगल. यासाठी अडीच मिलिमीटरचा रॉड पुरतो. त्याला साधारण ७० ते ९० अँपिअर करंट लागतो. म्हणून २०० अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन खूप झाले. ४०० अँपिअरचा आकडा बघून भुलू नका. ती ताकद आपली वायर पेलणार नाही आणि आपल्या कामाला ती लागतही नाही.

दुकानात मशीनवरचा मोठा रंगीत आकडा वाचू नका. मागच्या बाजूची प्लेट वाचा. तिच्यावर 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते. १६० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल, तर त्या करंटवर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. प्लेटच नसलेले मशीन घेऊ नका. सोबतची केबल तांब्याची आहे का तेही पाहा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते आणि लवकर तापते. होल्डरची मूठ फुटलेली नको. वस्तीत संध्याकाळी व्होल्टेज पडते, म्हणून किती कमी व्होल्टेजवर मशीन चालेल हे विचारून घ्या. आणि पक्के बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी मागता येत नाही.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा हत्यारांच्या बाजारात दोन-तीन दुकाने फिरलात, तर एकाच मालाच्या भावातला फरक कळतो.

कापायचे हत्यार: वेल्डिंगपेक्षा जास्त रक्त इथे सांडते

मोठी कटिंग मशीन पहिल्याच दिवशी नको. सुरुवातीला चांगला हॅक्सॉ, बाकाला घट्ट बसवलेला व्हाइस आणि चार इंची ग्राइंडर एवढ्यात काम निघते. ऑर्डर वाढल्या की मोठी मशीन त्या कमाईतून घ्या. काही दुकानदार पाइप मापाप्रमाणे कापूनही देतात.

ग्राइंडर घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली, गार्ड. चकतीवरचे ते अर्धगोल पत्र्याचे झाकण. आपल्याकडे ग्राइंडर घरी आला की पहिले काम म्हणजे गार्ड काढून फेकणे. 'आड येतो' म्हणतात. चकती फुटते तेव्हा तिचे तुकडे तोंडावर आणि गळ्यावर येतात. त्या वेळी मध्ये असते ते फक्त हे झाकण. गार्ड नसलेला ग्राइंडर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

दुसरी, बाजूची मूठ. ग्राइंडर दोन हातांनीच धरायचा असतो.

तिसरी, बटण. दाबून धरले तरच चालणारे बटण चांगले. हातातून सुटला की तो बंद होतो. पुढे सरकवून अडकवायचे बटण असेल, तर एक धोका लक्षात ठेवा. लाइट गेली, आपण ग्राइंडर तसाच खाली ठेवला, आणि लाइट आली की तो आपोआप सुरू होऊन जमिनीवर नाचतो. शेजारी रांगणारे मूल असू शकते. लाइट गेली की आधी प्लग काढायचा.

चौथी, चकतीवरचा वेग. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. चकतीवर छापलेला आकडा त्यापेक्षा जास्तच असला पाहिजे. चौदा इंची कटिंग मशीनच्या चकतीवर साधारण ४,३०० च्या आसपास आकडा असतो. ती झिजून लहान झाली की 'ग्राइंडरला बसेल' म्हणून लावणारे मी पाहिले आहेत. तो हातातला बॉम्बच आहे. लाकूड कापायचे दातेरी पातेही ग्राइंडरला कधी लावू नका.

चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते, औषधाच्या पाकिटासारखी. मुदत संपलेली, ओल लागलेली किंवा खाली पडलेली चकती टाकून द्या. कापायची पातळ चकती वेगळी, घासायची जाड चकती वेगळी. पातळ चकतीच्या बाजूने कधी घासू नका. नवी चकती लावल्यावर तोंड बाजूला ठेवून मिनिटभर मोकळी फिरवा, मग कामाला लागा.

जुन्या बाजारातून काय घ्यावे? हातोडी, व्हाइस, क्लॅम्प, गुण्या खुशाल घ्या. विजेवर चालणारे हत्यार सांधे मारलेल्या वायरीचे असेल किंवा फिरवल्यावर खरखर करत असेल, तर नको. चकत्या, मास्क आणि चष्म्याची काच मात्र नेहमी नवीच.

वीस हजारांची यादी

भाव गावानुसार आणि दुकानानुसार कमी-जास्त होतील. आम्ही मांडलेला अंदाज असा:

- २०० अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन, केबल आणि होल्डरसह: ६,५००
- गार्ड आणि मूठ असलेला चार इंची ग्राइंडर: २,५००
- हॅक्सॉ, व्हाइस, क्लॅम्प, कानस, गुण्या, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश: २,५००
- वेल्डिंग हेल्मेट, पारदर्शक चष्मा, चामड्याचे हातमोजे, एप्रन, मास्क, कानातले बोळे: ३,०००
- वेगळी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग: ३,५००
- लहान अग्निशामक सिलिंडर: १,२००
- रॉड आणि चकत्या: ८००

बेरीज बरोबर वीस हजार. यातले ७,७०० रुपये, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, जीव सांभाळण्यासाठी आहेत. मुलगा कुरकुरला, "मावशी, एवढ्यात मोठं मशीन आलं असतं." मी त्याला म्हटले, "त्या रात्रीचे डोळे आठव. मोठं मशीन पुढच्या वर्षीही मिळेल."

पैसे कमी असतील, तर हत्यार लहान घ्या. संरक्षणाला कात्री लावू नका.

डोळे आणि अंग

रॉडच्या वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच लागते. गॅस कटिंगचा हिरवा चष्मा साधारण ५ नंबरचा असतो, तो इथे चालत नाही. हातात धरायची स्क्रीन स्वस्त मिळते, पण एक हात अडकतो आणि नवशिके पहिली ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहतात. म्हणून ठिणगी पडताच आपोआप काळे होणारे हेल्मेट परवडत असेल, तर तेच घ्या. खपली झाडताना आणि ग्राइंडर चालवताना बाजू बंद असलेला पारदर्शक चष्मा हवा. वेल्डरच्या डोळ्यांत कण जातात ते बहुतेक याच वेळी.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. नायलॉन-पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला गमछा यांतले काही लोंबते ठेवू नका. केस बांधलेले हवेत. आपल्या बचत गटातल्या मुलींनीही हे काम शिकावे, आणि शिकताना हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. ग्राइंडरचा आवाज रोज ऐकून कान हळूहळू जातात आणि गेलेले कान परत येत नाहीत. बोळे दहा-वीस रुपयांना मिळतात.

धूर: जो दिसतो आणि जो उशिरा कळतो

'गूळ खाल्ला की धूर निघून जातो' असे दुकानांत सांगतात. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. वेल्डिंगच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ठरवले आहे. घाबरून धंदा सोडा, असे मी म्हणत नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे बाळ झोपते आणि भाकरी होते, तिथे वेल्डिंग करू नका. उघड्यावर करा. वारा किंवा पंखा अशा बाजूने ठेवा की धूर तोंडापासून दूर जाईल. वाकून धुराच्या लोटात डोके घालू नका. रुमाल बांधून हा धूर अडत नाही, एन-९५ मास्क बराचसा अडवतो.

जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला पाइप, जास्त त्रास देतो. त्याच्या धुराने चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडते, तोंडाला धातूची चव येते. घरचे म्हणतात मलेरिया. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून माणूस विसरतो आणि पुन्हा तेच करतो. असा ताप आला तर डॉक्टरांना 'काल जीआय पाइप जोडला' हे आवर्जून सांगा. शक्यतो काळा पाइप घ्या आणि नंतर रंग द्या. जीआय जोडायचाच असेल, तर मास्क लावून सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढा. जुन्या ग्रिलचा रंगही सांध्यावरून आधी काढून घ्या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर 'धुराचा आहे' म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

रिकामा ड्रम, मग तो पेट्रोलचा असो, ऑइलचा की रसायनाचा, कापायला किंवा जोडायला घेऊ नका. आतल्या वाफेने तो फुटतो. घरगुती गॅस सिलिंडर लावून कटिंग करणेही बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारे आहे.

वीज

पाच अँपिअरच्या प्लगवर मशीन लावू नका. आकडा टाकून तर मुळीच नाही. तो गुन्हा आहे आणि त्याने शेजारची घरेही जळतात. मीटरपासून वेगळी, जाड तांब्याची वायर परवानाधारक वायरमनकडून ओढून घ्या. घरच्या मीटरवर धंदा करता येतो का आणि लोड किती मंजूर आहे, हे वीज कार्यालयात विचारून घ्या. १६ अँपिअरचा सॉकेट अडीच मिलिमीटरच्या रॉडला पुरतो, जाड रॉडला नाही. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल तापते, ती पूर्ण उलगडा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ग्राइंडरचा किंवा वायरीचा शॉक लागताच वीज तोडतो. पण वेल्डिंगच्या होल्डरमधून लागणारा शॉक त्याला कळत नाही. तिथे कोरडे हातमोजे आणि रबरी तळव्याचे बूट हेच संरक्षण. पावसात, ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी काम करू नका.

गल्ली आपल्या एकट्याची नाही

आपल्या गल्लीत मुले खेळतात आणि वेल्डिंगचा उजेड त्यांना ओढून घेतो. पत्रा उभा करा किंवा जाड ताडपत्री, शक्यतो न पेटणारी, लावा. ठिणग्यांच्या दिशेला गॅस सिलिंडर, थर्माकोल, वाळत घातलेले कपडे नकोत. वाळूची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथे लक्ष ठेवा, कारण धुमसणारी ठिणगी उशिरा पेट घेते. रात्री आठनंतर ग्राइंडर बंद, हा नियम स्वतःच घाला. शेजारणीचे पोर अभ्यासाला बसलेले असते.

काही झालेच तर

डोळ्यांना वेल्डिंगचा उजेड लागला तर: चोळू नका. दूध, मध, गुलाबपाणी काही टाकू नका. मेडिकलवरून बधिर करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका, त्याने बुबुळाला जखम होऊ शकते. गार पट्ट्या ठेवा, आणि एका दिवसात उतार नसेल किंवा दिसायला धूसर झाले, तर डोळ्यांचे डॉक्टर.

डोळ्यात कण गेला तर: स्वच्छ पाण्याने धुवा. नाही निघाला, तर सोबत्याकडून काडीने किंवा ब्लेडने काढून घेऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर गंज सोडतो, तो डॉक्टरनेच काढायचा. कण वेगाने येऊन डोळ्यात रुतला असेल, तर धुऊ नका, दाबू नका. वरून कागदी कप धरा आणि थेट मोठा दवाखाना गाठा.

भाजले तर: वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ नको.

कापले तर: स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा, दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, हे वहीत लिहून ठेवा.

पैसे आणि शिक्षण

आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. जमत असेल त्याने तो करावाच. प्रमाणपत्राने कारखान्याचे दारही उघडते. भांडवलासाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जा. ते अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. मुद्रा योजनेच्या 'शिशू' गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेला वेल्डर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करू शकतो. अर्ज भरायला अडचण आली, तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलांना सोबत घ्या.

त्या मुलाने शेवटी आमच्याच यादीप्रमाणे सामान आणले. पहिले काम त्याने पैसे न घेता केले: विहाराच्या वाचनालयासाठी पुस्तकांचे लोखंडी रॅक. काळा पाइप, सांधे जरा ओबडधोबड, पण रॅक भक्कम. तो काम करत होता, तेव्हा आई पत्र्याआड उभी राहून गल्लीतल्या पोरांना हाकलत होती, "तिकडं बघू नका रे, डोळे जातील!" गटाचा हप्ता आता त्याच्या कमाईतून जातो.

तुमच्या घरात कुणी हे काम करत असेल, तर आज संध्याकाळी एवढेच करा. त्याचा ग्राइंडर हातात घ्या आणि गार्ड जागेवर आहे का, ते पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!